उसनी हळहळ

पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे निघाले म्हणजे वाटेत माले नावाचे गाव लागते. मुळशी धरणाचे पाणी येथून जवळ. सह्याद्रीच्या कुशीतील हा मावळ प्रांत भातशेतीचा व धो धो पावसाचा. परंतु सांप्रत ह्या रस्त्याच्या दोहों बाजूंस भातखाचरांपेक्षा विश्रामगृहांच्या व बागबंगल्यांच्या पाट्याच अधिक नजरेत भरतात. गेल्या वैशाखात अशाच एका बंगल्यात, एका तरुण आप्ताच्या आग्रहास्तव, आम्हांस एक रात्र काढावी लागली. निमंत्रणात ‘नव्वदीची रात्र’ असे शब्द होते, व त्या काळास शोभेल असा वेष करून यावे अशी सूचना होती. नव्वद सालीही आम्ही सदरा व विजारच घालीत होतो. सबब आम्हांस वेगळा वेष करण्याचे कारण पडले नाही.

मंडळी जमली ती मात्र पाहण्यासारखी होती. गुडघ्यापर्यंत लोंबणारे सदरे, एकेकीत दोन माणसे सहज मावतील अशा विजारी, उलट्या घातलेल्या टोप्या, पितळेला सोन्याचे पाणी दिलेल्या दोरखंडासारख्या साखळ्या व बिनफितीचे पांढरे बूट. एकाने तर खांद्यावर भला थोरला टेपरेकॉर्डर घेतला होता; जवळ जाऊन पाहतो तो पुठ्ठ्याचा, वरून रंगवलेला. संगीत होते न्यूयॉर्क व लॉस अँजेलिस ह्या शहरांतील, तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे. आमचे यजमान, वय वर्षे चोवीस, कपाळावरचा घाम पुशीत आमच्यापाशी येऊन बसले आणि मोठ्या विषादाने म्हणाले, “काका, खरं हिप-हॉप तेव्हाच संपलं. आता नुसता दिखावा राहिलाय.” ज्या वर्षांसाठी हा गृहस्थ उसासे टाकीत होता, ती वर्षे त्याच्या जन्मापूर्वीच सरून गेली होती!

ह्या एका वाक्याने हा लेख आमच्याकडून लिहवून घेतला आहे. गेलेल्या काळाविषयी हळहळ वाटणे हा मनुष्यस्वभाव आहे, व त्यात आक्षेपार्ह असे काही नाही. आमच्या वडिलांची पिढी बालगंधर्वांच्या आठवणीने गहिवरत असे; पण त्यांनी ती नाटके रात्र रात्र जागून पाहिलेली होती, व त्यांची हळहळ ही त्यांच्या स्वतःच्या गाठीची पुंजी होती. सांप्रतची ही हळहळ उसनी आहे. उसने आणण्यासही आमची हरकत नाही. परंतु उसने आणलेली वस्तू कोणाकडून आणली व तिचे मोल काय, एवढे तरी लक्षात ठेवावे लागते. नेमके तेच कोणी ठेवीत नाही, व न ठेवण्यालाच रसिकता समजतात, अशी आमची तक्रार आहे.

येथे एक खुलासा अवश्य आहे. परदेशी नाद कानी पडताच संस्कृती बुडाली म्हणून बोंब ठोकणारांच्या पंक्तीस आम्हांस कोणी बसवू नये. ज्या बाजाच्या पेटीवाचून आमचे कीर्तन रंगत नाही ती पेटी युरोपातूनच आली, आणि ती परकी आहे हे आज कोणास सांगूनही पटावयाचे नाही. शिवाय तालात शब्द फेकून सभा ताब्यात ठेवण्याची कला महाराष्ट्रास कोणी शिकवावयास नको. डफ-तुणतुण्यावर उभा राहिलेला शाहीर, किंवा रात्रभर एकमेकांस कवनांतून पेचात पकडणारे कलगीवाले व तुरेवाले ज्याने ऐकले असतील, त्यास दोन रॅपरांची भर चौकातील शब्दांची झुंज अनोळखी वाटण्याचे कारण नाही. तेव्हा हिप-हॉपशी आमचे भांडण नाही. आमचे भांडण त्याच्या ह्या भाविक वारसदारांशी आहे.

ज्या काळाची आरती ही मंडळी ओवाळतात, तो काळ होता तरी कसा? न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स विभागात, सेज्विक मार्गावरील १५२० क्रमांकाच्या इमारतीच्या सभागृहात, ११ ऑगस्ट १९७३ रोजी एक छोटासा समारंभ झाला. सिंडी कॅम्पबेल नावाच्या शाळकरी मुलीने तो भरवला होता. हेतू काय, तर शाळा सुरू होण्यापूर्वी नवे कपडे घेण्यापुरते पैसे जमावेत. मुलींस पंचवीस सेंट व मुलांस पन्नास सेंट अशी प्रवेशफी होती. तबकड्या वाजविण्याचे काम तिचा भाऊ क्लाइव्ह ह्याच्याकडे होते. हे कुटुंब जमेकाहून आलेले. हाच क्लाइव्ह पुढे कूल हर्क ह्या नावाने प्रसिद्धीस आला. गाण्याच्या ज्या तुकड्यात शब्द थांबून नुसता ताल उरतो, तेथेच नाचणारांना खरा जोर चढतो, हे त्याने हेरले. आणि एकाच गाण्याच्या दोन तबकड्या शेजारी ठेवून तो तुकडा तो आलटून पालटून लांबवू लागला. त्या तालावर जे बोलले गेले त्यातून रॅप उभे राहिले. हिप-हॉपची पन्नाशी २०२३ साली जगभर साजरी झाली ती ह्याच रात्रीपासून मोजून. तेव्हा ज्या पोशाखाची एवढी मातब्बरी सांगतात त्याचे मूळ पाहू गेल्यास एका मुलीच्या शाळेच्या कपड्यांच्या खर्चात सापडते. ही गोष्ट ‘नव्वदीच्या रात्री’च्या निमंत्रणात कोणी छापीत नाही.

आता तो ब्राँक्स पाहा. १९४८ पासून १९७२ पर्यंत त्या विभागाचे पोट फाडून एक रुंद मोटाररस्ता काढण्यात आला. शहराच्या एका टोकाच्या मोटारी दुसऱ्या टोकास वेगाने जाव्यात, एवढ्यासाठी हजारो कुटुंबांस घरे सोडावी लागली. ईस्ट ट्रिमाँट नामक वस्तीत तर एका मैलाच्या पट्ट्यात सुमारे दीड हजार कुटुंबे उठवली गेली. ज्यांस शक्य होते ते निघून गेले. मागे राहिले त्यांच्या वाट्यास पडक्या इमारती, आगी व बेकारी आली. त्या पोरांजवळ वाद्ये नव्हती, म्हणून त्यांनी वडीलधाऱ्यांच्या तबकड्यांचे वाद्य केले. सभागृह नव्हते, म्हणून उद्यान व रस्ता ह्यांचे सभागृह केले. आणि वीज नव्हती, म्हणून रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून ती घेतली. १९८२ साली ‘द मेसेज’ ह्या गीताने त्या मोडक्या जिन्यांचे, उंदरांचे व तुंबलेल्या रागाचे वर्णन जगाच्या कानावर घातले, तेव्हा कोठे इतरांस कळले की हा केवळ नाच नव्हे.

वेषाचीही तीच कथा. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात डॅपर डॅन ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका कपडेवाल्याने १९८२ साली दुकान थाटले. ज्या श्रीमंती पेढ्यांच्या दारात काळ्या गिऱ्हाइकाकडे संशयाने पाहिले जाई, त्या पेढ्यांच्या मुद्रा चामड्यावर छापून त्याने आपल्या लोकांस असे अंगरखे शिवून दिले की तसे त्या पेढ्यांस स्वतःसही सुचले नव्हते. परिणाम असा झाला की पेढ्यांच्या वकिलांनी त्याच्यावर धाडी घातल्या, व १९९२ साली दुकान बंद पडले. पुढे २०१७ साली गुची ह्या इटालियन पेढीने आपल्या संग्रहात एक अंगरखा मांडला. तो डॅनने १९८९ साली डायान डिक्सन ह्या धावपटूसाठी शिवलेल्या अंगरख्याची हुबेहूब प्रतिकृती होती. बोभाटा झाला, तेव्हा त्याच पेढीने त्याच्याशी भागीदारी केली. म्हणजे डॅनने मुद्रा घेतली तेव्हा ती चोरी ठरली. पेढीने त्याचा अंगरखा घेतला तेव्हा तो आदर ठरला! मध्यंतरी पंचवीस वर्षे गेली, एवढाच काय तो फरक. स्मरणरंजनाचा हाच व्यापारी नियम आहे. जिवंतपणी जी वस्तू बेकायदा, ती जुनी झाली की वारसा होते. मात्र वारशाचे पैसे वारसास पोहोचतीलच असे नाही.

ह्याहून बोलके उदाहरण मुकुटाचे. नोटोरियस बी.आय.जी. ह्या नावाच्या रॅपरचे, डोक्यावर तिरपा मुकुट घातलेले छायाचित्र १९९७ साली, त्याच्या खुनाच्या काही दिवस आधी, घेतलेले आहे. मुकुट प्लॅस्टिकचा, किंमत सहा डॉलर. २०२० च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या लिलावात तो मुकुट ५,९४,७५० डॉलरांस विकला गेला. आता ह्याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवू. जानेवारी २०११ मध्ये, ज्याच्या तबकड्यांतून हे सारे निघाले तो कूल हर्क आजारी पडला, व विमा नसल्यामुळे रुग्णालयाचे बिल भागविण्यासाठी चाहत्यांस देणग्या मागाव्या लागल्या. मुकुटास सहा लाख, आणि मुकुट ज्या राज्याचा त्या राज्याच्या संस्थापकास वर्गणी! ज्या हळहळीस वस्तूची किंमत कळते व माणसाची कळत नाही, तिला आम्ही रसिकता म्हणावयास तयार नाही.

इतके झाल्यावर मालेस परत येऊ. कारण ह्या सर्व गोष्टी ब्राँक्सच्या म्हणून सोडून देता आल्या असत्या, पण ज्या अंगणात ही मंडळी नाचत होती त्या अंगणाने ती सोय ठेवली नव्हती. दिवेलागणीस बंगल्याचा राखणदार खुर्च्या मांडीत होता. आम्ही सहज विचारले, “मामा, तुम्ही इथलेच का?” त्याने पाण्याच्या दिशेने हात केला व म्हणाला, “आज्याचं गाव त्या तिकडं हुतं साहेब. आता पानी हाय.” आणि तो पुढची खुर्ची मांडू लागला.

मुळा व निळा ह्या नद्यांचे पाणी अडवून वीज करण्याची टाटा कंपनीची योजना जाहीर झाली, तेव्हा ह्या खोऱ्यातील पन्नासाच्या आसपास गावांवर गदा आली. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस, ह्या दिवशी मावळ्यांनी सत्याग्रहास प्रारंभ केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची प्रतिज्ञा होती. पांडुरंग महादेव बापट ह्यांस ‘सेनापती’ ही पदवी ह्याच लढ्याने दिली. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीने झटले. बायाबापड्या तुरुंगात गेल्या. परंतु जमिनी कसणारांस जी भूमी जिवाहून अधिक होती, ती पुण्यातील सावकारांच्या वहीत आकड्यांनी लिहिलेली होती. त्यांचे लक्ष मोबदल्याच्या रकमेकडे वळले आणि लढ्याचे बळ सरले. १९२४ साली रेल्वेवरील हल्ल्याबद्दल बापटांस सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ पर्यंत धरण उभे राहिले. पाणी डोंगराच्या पोटातून कोकणात भिऱ्यास उतरले, तेथे विजेचे झाले, आणि ती वीज मुंबईच्या गिरण्यांस व आगगाड्यांस मिळाली.

ब्राँक्स व मुळशी एकच आहेत, असे म्हणण्याचा भाबडेपणा आम्ही करीत नाही. एके ठिकाणी शहर आहे, दुसरीकडे खोरे; एके ठिकाणी गुलामगिरीच्या इतिहासाने पोळलेला समाज आहे, दुसरीकडे खंडाने शेते कसणारा मावळा. तथापि एक व्यवहार दोन्हीकडे समान आहे: दूरच्या लोकांच्या सोयीसाठी जवळच्या लोकांनी उठावे, आणि उठताना फार आवाज करू नये. हिप-हॉप म्हणजे ज्यांस उठवले त्यांनी केलेला आवाज. तो आवाज अमेरिकेहून मोल देऊन आणावयाचा, आणि ज्या काठावर तसाच आवाज एकदा दाबला गेला त्या काठावर तो लावून नाचावयाचे. त्या काठाची मात्र कोणी विचारपूसही करावयाची नाही! ह्यास अज्ञान म्हणावे तर ही मुले सुशिक्षित आहेत. ब्राँक्सच्या गल्ल्यांची नावे त्यांस पाठ आहेत. पाण्याखालच्या एकाही गावाचे नाव त्यांस सांगता आले नाही.

आमच्या ह्या बोलण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, करमणुकीच्या रात्री इतिहासाचे ओझे कशास? नाचू द्या की पोरांना! नाचण्यास आमची मनाई नाही. पण केवळ नाचावयाचे असते तर कोणतेही गाणे चालले असते. येथे नाचणारांचा दावा असा आहे की आम्ही ‘खऱ्या’चे उपासक आहोत व आजचे सारे खोटे आहे. ज्याने खरेखोटे ठरविण्याचा अधिकार आपल्याकडे घेतला, त्यास पुरावा मागण्याचा अधिकार वाचकांस आपोआप मिळतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: तो काळ कलेच्या दृष्टीने खरोखरच श्रेष्ठ होता, मग हळहळले तर काय बिघडले? ह्याचे उत्तर त्या काळासच विचारावे. ज्या १९९४ सालाचे नाव ही मंडळी सोन्याच्या अक्षरांनी लिहितात, ज्या साली नॅसचा ‘इलमॅटिक’ हा संग्रह निघाला, त्याच साली शिकागोच्या कॉमन ह्या रॅपरने एक गीत केले. त्यात हिप-हॉपला एका बालमैत्रिणीचे रूप देऊन, ती पूर्वी किती निर्मळ होती व आता पैशापायी कशी बिघडली, असा शोक केला आहे. म्हणजे सुवर्णयुगाच्या ऐन मध्यान्हीस सुवर्णयुग मावळल्याची रड सुरू होती! पुढे बारा वर्षांनी, २००६ साली, स्वतः नॅसनेच हिप-हॉप मेले अशा अर्थाच्या नावाचा संग्रह काढला. आणि आज ते २००६ सालही कित्येकांस रम्य वाटू लागले आहे. खरी गोष्ट अशी की, सुवर्णयुग हे चाळणीने तयार होते. त्या वर्षांतील शेकडो टुकार गाणी, स्त्रियांविषयीची गलिच्छ भाषा, आणि बुटांच्या व मद्याच्या जाहिराती काळाच्या चाळणीतून खाली गेल्या, निवडक दहावीस वर राहिल्या. आजचे मात्र चाळल्यावाचून पुढ्यात येते. चाळलेल्या तांदळाची न चाळलेल्याशी तुलना करून जुने पीक श्रेष्ठ ठरविणारास शेतकरी काय म्हणेल, हे मावळात तरी सांगावयास नको.

आता घरच्या उदाहरणाकडे वळतो, कारण खरी मेख तेथे आहे. मुंबईच्या उपनगरांत २०१३ च्या सुमारास डिव्हाइन व नेझी ह्या तरुणांनी आपापल्या गल्लीचे रॅप हिंदुस्थानी बोलीत सुरू केले. अंधेरी व कुर्ला येथील ही पोरे. एकाने तर पहिले चित्रण घरच्या टॅबलेटवर केले. त्यांच्या आयुष्यावरून स्फुरलेला ‘गली बॉय’ हा चित्रपट २०१९ साली आला व गल्ली एकदम प्रतिष्ठित झाली. आज त्या २०१५ सालच्या गल्लीविषयीही उसासे ऐकू येतात, व ते टाकणारे पुष्कळसे लोक त्या गल्लीत कधी पाऊल न टाकलेले असतात. इकडे पुण्याच्या ताडीवाला रस्त्यावरील वस्तीतून एम.सी. स्टॅन निघाला. ‘तडीपार’ हे त्याच्या २०२० सालच्या संग्रहाचे नाव. पोलिसांच्या हद्दपारीचा शब्द त्याने आपल्या कपाळावर बिरुदासारखा लावला. २०२३ साली दूरचित्रवाणीच्या एका मोठ्या स्पर्धेत तो जिंकला, आणि तेथे त्याने आपल्या ऐंशी हजारांच्या बुटांचा उल्लेख केला, त्यावरून त्याची मनस्वी टिंगल झाली. त्याची सर्वच गाणी आम्हांस रुचतात असे नाही. त्यांतील शिवराळपणा आम्हांस खटकतो. पण आमच्या यजमानांस आम्ही विचारले, “तुमच्या त्या अमेरिकन वीरांच्या गळ्यात मनगटाएवढ्या सोन्याच्या साखळ्या होत्या, त्यांचे तुम्ही चित्र भिंतीवर लावता, मग ह्या पोराच्या बुटांस का हसता?” ते म्हणाले, “काका, ती संस्कृती होती. हा माजलाय.”

वाचकहो, सारे मर्म ह्या उत्तरात आहे. गतकाळातील गरीब मनुष्य हा सुरक्षित असतो. तो आपल्या दारात येत नाही, आपल्या लिफ्टमध्ये चढत नाही, आपल्या मुलीच्या शेजारी बसत नाही. त्याच्या रागाचे चित्र करून भिंतीवर टांगता येते. आजच्या गरिबाच्या पोराने तीच साखळी घातली की तो उद्धटपणा होतो. कारण तिच्यामागचा प्रश्न आपणांस उद्देशून असतो, व त्याचे उत्तर आपल्याकडे नसते. जुन्या हिप-हॉपवरील ह्या मंडळींचे प्रेम म्हणजे आजच्या हिप-हॉपला दाराबाहेर ठेवण्याची एक सभ्य युक्ती आहे, असा आमचा स्पष्ट आरोप आहे.

आणि हा आरोप केवळ टोप्या उलट्या घालणाऱ्या पोरांवर नाही. त्यात आम्ही सगळेच सापडतो. पाडव्याच्या शोभायात्रेत फेटे बांधून, नऊवारी नेसून, मोटारसायकलींवरून मिरवणारे आम्ही, अण्णाभाऊ साठे व अमर शेख ह्यांनी १९४४ साली गवाणकरांसह लाल बावटा कलापथक उभारले ते कशासाठी, हे कितीसे आठवतो? मुळशीच्या विजेवर चालणाऱ्या गिरण्यांतील कामगारांपुढे ज्या शाहिरांनी डफावर थाप मारली, त्यांचा फेटा आम्ही उचलला व डफ ठेवून दिला. शाहिरीची आठवण निघाली की आमचे डोळे पाणावतात. पण आरे वनातील वारली पाड्यांच्या जमिनीचा प्रश्न घेऊन ‘स्वदेसी’ ह्या मुंबईच्या मंडळाने २०१९ साली प्रकाश भोईर ह्या वारली कार्यकर्त्याच्या आवाजासह ‘द वारली रिव्होल्ट’ हे गीत काढले, तेव्हा त्यात आमचा जुना शाहीर परत आला आहे, हे ओळखणारे आमच्यात थोडेच निघाले. त्याचा वेष निराळा होता ना!

त्या रात्रीची एक हकीगत सांगून हे लिखाण पुरे करतो. अकराच्या सुमारास वीज गेली. ज्या धरणाने शंभर वर्षे मुंबईस उजेड पुरवला त्याच्या काठी मिट्ट काळोख झाला. ध्वनिवर्धक मुके झाले, जनित्र काही केल्या चालू होईना. तेव्हा ध्वनिवर्धकांच्या तारा जोडावयास आलेला, जवळच्याच वाडीतील सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा पाण्याच्या रिकाम्या जारवर ताल धरून बसला, आणि तोंडाने बोलू लागला. आधी कोणाचे लक्ष गेले नाही. मग हळूहळू सर्व गप्प झाले. धरण उशाला असून घरात रॉकेलची चिमणी कशी, चुलत्याची जमीन गेली व चुलता त्याच जमिनीवरच्या फाटकाशी पहारेकरी कसा झाला, आणि मोबाइलच्या उजेडात पाहुण्यांच्या साखळ्या कशा चमकतात, हे तो आपल्या मावळी बोलीत, यमके जुळवीत, मध्ये एखादी हिंदी ओळ टाकीत सांगत होता. कोठे अडखळला, हसला, पुन्हा सुरू झाला. राखणदार मामा फाटकापाशी उभा राहून ऐकत होता. अखेरीस टाळ्या पडल्या. दोघातिघांनी चित्रणही केले. इतक्यात जनित्र सुरू झाले, दिवे लागले, १९९४ साल पुन्हा गर्जू लागले, आणि कोणीतरी त्या पोरास म्हणाले, “अरे, ती डावीकडची वायर बघ जरा.” तो उठला व वायर पाहू लागला.

आमच्या मते त्या रात्री मालेस हिप-हॉप एकदाच झाले, व ते सुमारे सात मिनिटे चालले. बाकी सर्व पुठ्ठ्याचा टेपरेकॉर्डर होता. सेज्विक मार्गावर १९७३ साली जे घडले त्याची वारसदारी कोणाकडे जाते, हे ठरविण्यास ह्याहून दुसरी साक्ष आम्हांस नको. ज्यांस त्या काळाविषयी खरोखर हळहळ वाटते त्यांनी खुशाल जुन्या टोप्या घालाव्यात, जुनी गाणी लावावीत. पण जनित्र सुरू झाल्यावर त्या पोरास तारांकडे धाडू नये, त्याच्या हाती ध्वनिक्षेपक द्यावा, आणि तो जे बोलेल ते आपणांस उद्देशून आहे असे समजून ऐकावे. असे झाले तर उसने फेडल्यासारखे होईल.

परतताना पौडच्या पुढे आल्यावर आमच्या ध्यानात आले की, त्या पोराचे नाव आम्हीही विचारले नव्हते.